सांगलीच्या हवेत सिगार तडकू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत सिगार ओढणारे मोजकेच. पण घरात सिगारी असणारे बरेच निघतात. भाचा दुबईहून येताना डबा आणतो, जावई अमेरिकेहून आणतो, आणि तो डबा हॉलमधल्या शोकेसमध्ये जाऊन बसतो. दिवाळीला आलेली सिगार गुढीपाडव्याला हातात घेतली की पापडासारखी वाजते. मग मला फोन येतो. तीच उत्तरं इतक्या वेळा दिली आहेत की आता एकदाच लिहून टाकतो.

सिगार तडकते म्हणजे नेमकं होतं काय?

सिगारीत तीन थर असतात. आत लांब पानांचा भरणा, त्याला बांधून ठेवणारं एक जाडसर पान, आणि सगळ्यांत वर गुंडाळलेलं देखणं, पातळ पान. या वरच्या पानाला इंग्रजीत रॅपर म्हणतात; मी वरचं पानच म्हणेन. तंबाखूचं पान हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. नीट ठेवलेल्या सिगारीत वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी असतं. हवा कोरडी झाली की सगळ्यांत आधी वरच्या पानातलं पाणी उडतं, कारण ते पातळ आणि उघड्यावर. ते आकसतं, आतला भरणा मात्र अजून फुगलेलाच असतो. लहान झालेला सदरा पोटावर ताणून बसवावा तसं ते पान ताणलं जातं, आणि एखाद्या शिरेच्या कडेने उकलतं.

उलटंही होतं, आणि ते लोकांना पटत नाही. कोरडी पडलेली सिगार एकदम दमट जागी ठेवली की पेटवायच्या टोकाकडून, जिथे भरणा उघडा असतो, पाणी भराभर आत जातं. भरणा फुगतो आणि टोकाशीच वरचं पान फाटतं. म्हणजे कोरडेपणाने जितक्या सिगारी जातात, जवळजवळ तितक्याच घाईघाईने ओलावा दिल्यामुळे जातात.

सगळी पानं सारखी नसतात, हेही लक्षात ठेवा. सावलीत वाढवलेलं फिकट कनेक्टिकट पान नाजूक, लवकर तडकतं. काळपट माडुरो बहुधा जाड पानाचं असतं, ते थोडं सोसतं.

आपल्याकडे कृष्णा आहे, पाऊस आहे, महापूर येतो. हवा एवढी कोरडी कुठे आहे?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याचा स्वतःचा तासगावला बेदाण्याचा शेड आहे! मी त्याला एवढंच म्हणालो, तुझी द्राक्षं जाळीवर पंधरा-वीस दिवसांत वाळतात ती कशाने?

तासगाव, कवठे महांकाळच्या बाजूला बेदाण्याचा धंदा उभा राहिला तो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या, वाहत्या हवेवर. जी हवा द्राक्षाचा बेदाणा करते, तीच शोकेसमधल्या सिगारीचं वाळवण घालते. माझ्या घरी विश्रामबागेत मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रतेचा मीटर तीस टक्क्यांच्या खाली उतरतो. जुलैत तोच मीटर पंच्याऐंशी दाखवतो. एकाच खोलीत, एकाच वर्षात.

त्यात तापमानाचा घोळ. मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते त्यातली किती टक्के आहे ते. २० अंशांना ६५ टक्के असलेली हवा ४० अंशांपर्यंत तापली तर आकडा वीस-बावीसवर येतो, आणि पाण्याचा एक थेंबही कुठे गेलेला नसतो. तापल्या हवेची तहान वाढलेली असते, इतकंच. म्हणून उघड्या खोलीत सकाळी बरी वाटणारी सिगार दुपारी सुकत असते.

मग किती आर्द्रता ठेवायची? सगळीकडे ७० लिहिलेलं असतं.

ते ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट असं जोडीने सांगितलेलं आहे. ७० फॅरनहाइट म्हणजे आपले २१ सेल्सिअस. मे महिन्यात सांगलीत २१ अंश कुठून आणणार? एसी दिवसरात्र चालवला तरच.

खोली २८-३० अंशांची असेल तर ७० टक्क्यांवर सिगार जड, सादळलेली होते आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं. ३० अंशांना ७० टक्क्यांवर असलेल्या हवेत २० अंशांच्या तेवढ्याच टक्क्यांच्या हवेपेक्षा पावणेदोन पट वाफ असते. आपल्याकडे ६२ ते ६५ ठेवा. क्यूबन सिगारी तर कुठल्याही हवामानात ६२-६५ वरच चांगल्या जळतात, असं त्या ओढणारे बहुतेक जण सांगतात. माझाही अनुभव तोच. साठच्या खाली मात्र जाऊ देऊ नका.

खरं सांगायचं तर आकडा ६२ आहे की ६६, याने फार बिघडत नाही. आज ६०, उद्या ७२, परवा ५५ असं झालं की पान दर वेळी आकसतं-फुगतं आणि शेवटी दमतं.

त्यासाठी महागडा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची खास पेटी, घ्यावाच लागतो का?

नाही. उलट आमच्या हवेत मी तो घेऊ नका असंच सांगतो, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी. ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळणाऱ्या चकचकीत पेट्यांची झाकणं नीट बसत नाहीत. मार्चमध्ये त्यांच्या फटीतून ओलावा निघून जातो आणि तुम्ही दर आठवड्याला पाणी भरत बसता.

स्वयंपाकघरात चारी बाजूंनी खटके लागणारा, झाकणाला रबराची कड असलेला प्लॅस्टिकचा डबा असतो ना, तो आणा. नवा आणा, लोणच्याचा धुऊन घेतलेला चालणार नाही. साबणाने धुवा, दोन दिवस उघडा ठेवा, नाक घालून वास घ्या. वास येत नसेल तरच वापरा. रबर ठीक आहे का ते बघायला झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज सुटली तर डबा बदला.

हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड मातीने बंद. बाहेर ऊन असो की पाऊस, आतली हवा आतच. हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली ती गोष्ट वेगळी, पण तत्त्व तेच: हवेशी भांडायचं नाही, तिला बाहेर ठेवायचं.

पण लाकडाचा काहीतरी उपयोग असेलच ना?

आहे. ह्युमिडॉरला आतून जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सिडार म्हणतात. ते स्पेनचं नाही आणि सिडारही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं झाड आहे. मंद वास, ओलावा धरून ठेवायची आणि हळूहळू सोडायची सवय, आणि फारसं वाकत नाही. गंमत म्हणजे आपलं तून हे त्याचं चुलत भावंड, एकेकाळी दोघं एकाच नावाखाली मोडायची. सतारीला तून वापरतात. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांचे कारागीर ओलाव्याबद्दल जे बोलतात ते ऐकलं तर वाटतं हा माणूस सिगारीबद्दलच सांगतोय: एसीच्या झोतात ठेवू नका, भोपळ्याला तडा जाईल.

सिगारीच्या रिकाम्या पेटीतले पातळ लाकडी पत्रे मिळाले तर डब्यात तळाला घाला. देवदार, चंदन, ताजं पॉलिश केलेलं सागवान यांपैकी काहीही नको. तंबाखू वास उचलते आणि मग सोडत नाही. लाकडी पेटी घ्यायचीच असेल तर तिच्यात लगेच सिगारी ठेवू नका. ८४ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी (पुड्यांबद्दल पुढे सांगतो) ठेवून दोन आठवडे रिकामी बंद ठेवा, लाकूड पाणी पिऊन घेईल. नाहीतर ते तुमच्या सिगारींतलं पाणी पिईल.

आर्द्रतेच्या पुड्या कशा असतात?

बोव्हेडा हे नाव सगळ्यांत जास्त चालतं. कागदासारख्या पुडीत क्षारांचं द्रावण असतं. हवा कोरडी झाली की पुडी वाफ सोडते, दमट झाली की ओढून घेते. दोन्हीकडे काम करते, हाच तिचा गुण. पुडीवर ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे असतात. प्लॅस्टिकच्या डब्याला आपल्याकडे ६२ किंवा ६५ घ्या. लाकडी पेटी थोडी गळते म्हणून तिला ६९. साठ ग्रॅमची एक पुडी साधारण २५ सिगारींच्या डब्याला पुरते. पुडी हाताला खडखडीत लागली की संपली. ती पाण्यात भिजवून पुन्हा वापरायची युक्ती सांगणारे भेटतील. मी करत नाही.

पानवाला नाही का विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवत? तसंच ओला स्पंज, बटाट्याची फोड ठेवली तर?

नागवेलीचं पान हिरवं असतं, त्याला पाणी हवंच असतं. सिगारीचं पान वाळवून, आंबवून, मुरवून तयार झालेलं असतं. ओलं फडकं फक्त द्यायचं काम करतं, परत घेत नाही. बंद डब्यात आर्द्रता नव्वदच्या वर जाते. बटाटा, सफरचंद, संत्र्याची साल या सगळ्यांवर चार दिवसांत बुरशी धरते आणि तीच सिगारींवर चढते.

स्पंज किंवा फोम वापरायचाच असेल तर ऊर्ध्वपातित पाणी घाला. गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचून घ्या, ॲसिड मिसळलेलं उचलून आणाल. नळाच्या पाण्यातले क्षार फोमात बसतात आणि तो आठ-दहा महिन्यांत दगड होतो.

मीटर खरं बोलतोय हे कसं ओळखायचं?

बहुतेक मीटर खोटंच बोलतात. काटेवाले तर दिखाऊच. डिजिटल घ्या आणि तरी तपासा. चहाच्या चमच्याभर साध्या मिठात चार-पाच थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. ते बाटलीच्या टोपणात घेऊन मीटरसोबत झिपवाल्या पिशवीत बंद करा आणि एक दिवस तशीच राहू द्या. आत ७५ टक्के आर्द्रता होते, नेहमीच. मीटर ७१ दाखवत असेल तर तो चारने कमी बोलतो. मागे मार्करने तेवढं लिहून टाका. मीठ मीटरला लागू देऊ नका.

मीटरपेक्षा बोटांवर माझा जास्त विश्वास आहे. सिगार दोन बोटांत हलकेच दाबा आणि कानाजवळ धरा. कुरकुर आली तर कोरडी. दाबली तशीच राहिली तर सादळली. दबून परत वर आली तर ठीक.

फ्रीजमध्ये ठेवली तर?

नको. फ्रीजची हवा कोरडी असते, आणि कोथिंबीर, लसणीची चटणी, कालची आमटी यांचे वास फुकटात मिळतात.

सिगारीला बारीक भोकं पडली आहेत आणि खाली भुकटी सांडली आहे. हे काय?

कीड. आणि ही कीड सांगलीकरांच्या ओळखीची आहे. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न, दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा. इंग्रजीत त्याला सिगारेट बीटल म्हणतात, पण त्याला सिगारेटचंच वेड आहे असं नाही. साठवलेल्या हळदीला भोकं पाडतो तो हाच. सुकी मिरची, सुंठ, धणे, सगळं खातो. म्हणून सिगारीचा डबा मसाल्याच्या कपाटात कधीही ठेवू नका. घरात हळकुंडांचं पोतं असेल तर त्या खोलीतही नको.

अंडी तंबाखूच्या पानावर शेतातून किंवा गोदामातूनच आलेली असू शकतात, दिसत नाहीत. थंडीत गप्प राहतात, २२-२४ अंशांच्या वर गेलं की उबतात. सांगलीत वर्षाचे बहुतेक महिने त्यांना सोयीचे! अनेक मोठे उत्पादक माल पाठवण्याआधी गोठवतात, तरी घरी खबरदारी घेतलेली बरी. नव्या सिगारी एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत घाला, हवा काढा. एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये उणे १८ किंवा त्याखाली, मग पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये, आणि मग बाहेर, पिशवी न उघडता. या पायऱ्या गाळल्या तर गोठलेलं पान एकदम गरम होऊन तडकतं आणि सगळा खटाटोप ज्यासाठी केला तेच घडतं. लोडशेडिंग चालू असेल त्या आठवड्यात हे करू नका.

पावसाळ्यात पांढरं काहीतरी आलंय. काही जण म्हणतात ती चांगल्या सिगारीची खूण आहे.

जुने शौकीन त्याला तेलाचा मोहोर म्हणतात आणि कौतुकाने दाखवतात. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ वेळा ती बुरशी असते. लोकरीसारखी, ठिपक्याठिपक्यांनी, हिरवट-निळसर असेल तर शंकाच नको. पेटवायच्या टोकाला आत दिसली तर सिगार टाकून द्या. वरवर थोडी असेल तर पुसून वेगळ्या डब्यात ठेवा, पण ओढू नका असंच मी म्हणेन. डबा रिकामा करून पुसा, पुडी बदला, ६२ वर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडायचा तो कोरड्या दुपारी, आणि पटकन.

काका, लोखंडी कपाटात ठेवल्या तर सुरक्षित ना?

यात मी स्वतः पोळलोय. मला मिळालेला पहिला डबा, चांगल्या होंडुरासच्या वीस सिगारी, मी कपाटात लुगड्यांच्या कप्प्यात ठेवला. मुलांच्या हाताला लागू नये हा हेतू. कप्प्यात डांबरगोळ्या होत्या. चार महिन्यांनी पहिली पेटवली आणि आजीची ट्रंक ओढतोय असं वाटलं. वीसच्या वीस गेल्या. बायको अजून पाहुण्यांना हा किस्सा सांगते.

पश्चिमेच्या भिंतीला लागून, टीव्हीवर, माळ्यावर, देवघराजवळ उदबत्तीच्या धुरात, कुठेही ठेवू नका. घरातली सगळ्यांत गार, अंधारी जागा शोधा. बहुतेक घरांत ती जिन्याखाली किंवा पलंगाच्या खालच्या खणात सापडते. मुलांसाठी कुलूप लावा.

वाळून कडक झालेली सिगार परत मऊ होते का?

मऊ होते, चव पूर्ण येत नाही. तेलं उडालेली असतात. पण फेकू नका. आधी ६२ च्या पुडीवर दोन आठवडे, मग ६५ वर दोन आठवडे. महिनाभर हात लावायचा नाही. भाजीच्या तराजूवर नाही, पण दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वजन वाढायचं थांबलं की झालं. वाफेवर धरणं, बाथरूममध्ये टांगणं, पाण्याचा फवारा मारणं हे प्रकार लोक करतात आणि मग मला फोटो पाठवतात.

तडा गेलाच आहे. चिकटवता येईल?

पेटवायच्या टोकाला असेल तर तेवढा भाग कापून टाका. मधे असेल तर डिंक. कारखान्यातही वनस्पतीचाच चिकट रस वापरतात. डिंकाच्या लाडवासाठी आणलेला खडा कोमट पाण्यात विरघळवा, बोटाने अगदी पातळ लावा, पान दाबून धरा, अर्धा तास सोडा. फेव्हिकॉल लावलेली सिगार मी पाहिली आहे. तिचा वास विसरलेलो नाही.

वरचा पारदर्शक कागद काढायचा का?

ठेवा. तो वनस्पतीपासून केलेला असतो, वाफ हळूहळू आरपार जाते. ॲल्युमिनियमच्या नळीतली सिगार मात्र नळी हवाबंद आहे असं धरून शोकेसमध्ये उभी करू नका. ती तशी नसते.

निपाणीची तंबाखू, बिडी, त्रिचीचे चिरूट यांनाही हे लागू आहे का?

बिडीला नाही. बिडी वळून झाल्यावर शेकतात, ती कोरडीच हवी. सादळली की विझते. निपाणीकडची तंबाखूही मुख्यतः बिडीचीच. युरोपातल्या यंत्रावर वळलेल्या छोट्या सिगारी, म्हणजे सिगारेलो, याही कोरड्याच ओढायच्या असतात, पत्र्याच्या डबीत ठेवा. तिरुचिरापल्ली आणि दिंडीगुलचे चिरूट अख्ख्या पानाचे, हातवळणीचे असतात. त्यांना ६० च्या आसपास ठेवलं तर मार्चमध्ये वाचतात.

डब्यात नीट होती, पेटवल्यावर तडकली. असं का?

जास्त ओली होती. आतलं पाणी तापून वाफ होते, भरणा फुगतो, पान उकलतं. किंवा तुम्ही भराभर झुरके मारलेत. ओढायच्या आधी एक-दोन दिवस ती एकटी सिगार रिकाम्या, पुडी नसलेल्या डब्यात काढून ठेवा. उन्हाळ्यात चार तास पुरतात. आणि मेच्या झळांत गच्चीवर बसून ओढायची हौस असेल तर संध्याकाळ होऊ द्या.

रात्रीच्या बसने पुण्या-मुंबईला न्यायच्या आहेत.

झिप पिशवी, त्यात लहान पुडी, आणि ती पिशवी स्टीलच्या उभ्या डब्यात, म्हणजे चेंगरणार नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

कायद्याचं काही?

अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, सार्वजनिक जागी ओढण्यावरही बंदी आहे. आणि व्यवस्थित साठवलेली सिगार तब्येतीला कमी वाईट असते असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला आर्द्रतेशी काही देणंघेणं नाही.

डबा किती दिवसांनी उघडायचा?

महिन्यातून दोनदा, एखादं मिनिट. हवा बदलते, खालच्या सिगारी वर घ्या, पुडी चाचपा, भुकटी दिसते का बघा, झाकण लावा. मी मार्चपासून जूनपर्यंत दर रविवारी पुडी बघतो, बाकी वर्षभर विसरतो. माझ्या डब्यात तळाला २०१९ च्या महापुराच्या आधी ठेवलेल्या दोन आहेत. त्या आठवड्यात सहा दिवस वीज नव्हती, भिंतींना ओल आली, पुस्तकांची पानं चिकटली. डबा पलंगाच्या खणात बंद होता. पाणी ओसरल्यावर उघडला तेव्हा मीटरवर ६४ होते.